लातूर जिल्हा : पाऊस निरंक

आमच्या दैनिकाच्या दुसऱ्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, हवामानाची एक चौकट असायची. नांदेडचं कमाल-किमान तापमान, सूर्योदय, सूर्यास्त, आणि नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांचा पाऊस. ही चौकट माझ्याकडे होती. पावसाळ्यात मी रोज दोन्ही जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षांना फोन करून तालुकावार आकडे घ्यायचो. पावसाळा संपला की तालुक्यांची पर्जन्यमापकं काढून ठेवली जायची आणि आकडे येणं थांबायचं. तिथून जूनपर्यंत काय छापायचं याची सोय माझ्या आधीच्या माणसानं करून ठेवली होती. 'पाऊस निरंक' ही ओळ ऑपरेटरच्या संगणकावर कायमची पडलेली असायची. पान लावताना तो ती उचलून चौकटीत टाकायचा. मला विचारायचा नाही. मी ही पद्धत चालू ठेवली. तीत चुकण्यासारखं काही आहे, असं तेव्हा वाटलं नाही.

भूकंपाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. लातूरहून येणाऱ्या बातम्या दोनच प्रकारच्या असायच्या. एक पुनर्वसनाच्या, म्हणजे घरांच्या वाटपाच्या, तक्रारींच्या, निवेदनांच्या. दुसऱ्या बारावीच्या निकालाच्या. पहिल्या प्रकारच्या बातम्या वर्षागणिक आखूड होत होत्या आणि दुसऱ्या लांब. जूनमध्ये लातूरच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या पोरांच्या डोक्यावर, खांद्यावर पत्र्याच्या पेट्या दिसायच्या. खोलीत तीन-चार जणांत एक कपाट, कधी तेही नाही. त्यामुळे वह्या, पैसे, लाडूचा डबा, सगळं कुलपात ठेवायचं तर पेटी लागायचीच.

त्यातल्या बऱ्याच पेट्या नांदेडात, आमच्या कार्यालयाच्या बरोबर खाली तयार होत. आम्ही जुन्या बाजारात पहिल्या मजल्यावर, आणि खाली तळमजल्यावर एका पेटीवाल्याचं दुकान. त्यांचं घराणं तीन पिढ्या पत्र्याचं काम करणारं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो, ते आम्हाला सरसकट 'पेपरसाहेब'. सकाळी आठपासून त्यांची मोगरी आणि हातोडी सुरू व्हायची. फोनवर बातमी घेताना एक कान बोटानं बंद करावा लागे. मी दोनदा खाली जाऊन तक्रार केली होती. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, की तुम्ही लोकांची डोकी वाजवता, मी पत्रा वाजवतो, माझं निदान संध्याकाळी बंद होतं. त्यानंतर मी तक्रार केली नाही.

भूकंपानंतर सहा-सात महिने ते लातूरच्या खेड्यांमध्ये तात्पुरत्या निवाऱ्यांचे पत्रे बसवत होते. त्या कामातून थोडा पैसा शिल्लक पडला आणि त्यावर त्यांनी मुलीला विज्ञान शाखेला घातलं. घरातली ती पहिली. डॉक्टर व्हायचं हे तिनं दहावीच्या आधीच ठरवलं होतं आणि घरात कुणी त्याला हसलं नव्हतं. क्लास लातूरला लावला. कॉलेज मात्र लातूरचं नव्हतं. तेव्हाची रीत अशी होती, की नाव एखाद्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात घालायचं, जिथं हजेरीची सक्ती नसे, आणि दोन वर्षं लातुरात राहून क्लास करायचा. कॉलेजशी संबंध यायचा तो फॉर्म भरताना आणि प्रात्यक्षिक परीक्षेला. तिचं कॉलेज जळकोटच्या बाजूच्या एका तालुक्याच्या गावी होतं. गावाचं नाव लिहीत नाही. जे झालं ते त्या पट्ट्यातल्या कोणत्याही तालुक्यात तसंच झालं असतं.

चाचांनी तिच्यासाठी पेटी स्वतः केली होती. पत्रा मुद्दाम पातळ घेतला, कारण बसच्या शिडीवर ती तिलाच चढवावी लागणार होती. झाकणावर पांढऱ्या रंगात तिचं नाव आणि क्लासचा नंबर. कोयंडा मात्र जाड, शेडच्या कामातून उरलेल्या लोखंडाचा.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला रविवार. दुपारी टेलिप्रिंटरवर वृत्तसंस्थेची पाच ओळींची बातमी आली. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा होता, त्याचं चक्रीवादळ झालं आहे. मोसम नसताना असं वादळ क्वचित होतं. बाष्प घेऊन येणाऱ्या वाऱ्यांमुळे तेलंगण आणि मराठवाड्यात वादळी पाऊस व गारा शक्य. डेस्कसमोरच्या भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद होता. जुन्या वृत्तसंपादकांनी नवशिक्यांसाठी लिहून लावलेल्या सूचनांचा. त्यात एक ओळ होती : चक्रीवादळे एप्रिल ते जून, ऑक्टोबर ते डिसेंबर. वृत्तसंस्था कधीकधी जुनी बातमी चुकून पुन्हा सोडत असे. डिसेंबरातली बातमी परत आली, असं मी धरून चाललो. कागद फाडला आणि तारेला टोचून ठेवला. पुण्याच्या वेधशाळेला एक फोन केला असता तर खुलासा झाला असता. तो केला नाही.

त्या वादळाचा आणि आमच्याकडच्या गारांचा संबंध नेमका किती, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. पण संध्याकाळी सहाच्या सुमारास नांदेडात वारं सुटलं. बाजारात धुळीचा लोट उठला, दुकानांचे फलक हलले, पावसाचे चार मोठे थेंब आले. चाचांच्या दुकानापुढे पेट्यांची माणसाएवढी चळत असायची, ती कोसळली. आवाज इतका मोठा झाला की आम्ही तिघे-चौघे खाली धावलो. पेट्या उचलून आत ठेवल्या. चाचा म्हणाले, "फागुनाच्या आधीच हे वारं कुठून आलं?" वर आलो, हात धुतले, पान पाहिलं. चौकटीत लातूर जिल्हा निरंक, नांदेड जिल्हा निरंक. मी त्याखाली सही केली. हाताला अजून पत्र्याचा वास येत होता.

त्याच वेळी चाचांची मुलगी लातूरहून निघालेल्या बसमध्ये होती. क्लास संपले होते. सोमवारी सकाळी आठला भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक. त्यासाठी ती आदल्या दिवशीच कॉलेजच्या गावी, एका मैत्रिणीच्या घरी जायला निघाली होती. पेटी बसच्या टपावर. अर्ध्याहून जास्त रस्ता झाल्यावर गारांनी बसला गाठलं. गारा पट्ट्यानं पडतात. हा पट्टा दोन-अडीच गावांच्या रुंदीचा असेल. पुढे तालुक्याच्या गावी धूळसुद्धा उडाली नाही. पट्ट्यात मात्र रस्त्याकडेच्या बाभळी आडव्या झाल्या, विजेचे खांब तारांसकट रस्त्यावर आले. तारांत वीज आहे की नाही हे कुणाला माहीत नव्हतं. वाहकानं कुणाला खाली उतरू दिलं नाही. सकाळी वीज मंडळाचे लोक आले, रस्ता मोकळा झाला. ती कॉलेजात पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. बाहेरचे परीक्षक गुणपत्रिका मोहोरबंद करून पुढच्या कॉलेजला गेले होते. तिच्या नावापुढे अनुपस्थित.

हे मला बुधवारी सकाळी कळलं. चाचा त्यांच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिना चढून वर आले. हातात सोमवारचा आमचा अंक, दुसरं पान बाहेर येईल असा दुमडलेला. मंगळवारी ते तालुक्याला जाऊन आले होते. प्राचार्य भले होते. त्यांनी सांगितलं, की नैसर्गिक आपत्तीमुळे प्रात्यक्षिक चुकलं तर दुसऱ्या केंद्रावर घेता येतं, फक्त अर्जाला तहसीलचं पत्र जोडायचं आणि तो शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लातूरला परीक्षा मंडळाच्या कार्यालयात द्यायचा. चाचा तहसीलला गेले. तिथल्या कारकुनानं पावसाची नोंदवही काढली. शेवटची नोंद ऑक्टोबरातली. मग त्यानं कार्यालयात येणाऱ्या वर्तमानपत्रांची फाइल काढली आणि आमच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"साहेब," चाचा मला म्हणाले, "तुमच्या पेपरात पाऊस न्हाई म्हून छापलंय."

मी म्हणालो, छापलंय खरं.

"मंग माझी पोरगी रातभर कशात अडकून पडली होती?"

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. त्यांना ओरडायचं नव्हतं आणि तेच मला जास्त अवघड जात होतं. ते म्हणाले की मोसम नाही, मोसम नाही, असं तो कारकून तीनदा म्हणाला. मग त्यांनी भूकंपाची गोष्ट काढली. "जलजला आला तवा कुणी इचारलं होतं का, मोसम हाय का न्हाई?"

मी लातूरच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथल्या माणसाशी माझी रोजची ओळख होती, निदान चार महिन्यांची. त्यानं सांगितलं की फेब्रुवारीचा रकानाच नाही, त्यामुळे पाऊस झाला असं आम्हाला म्हणता येत नाही. मी विचारलं, झाला नाही असं म्हणता येतं का? तो म्हणाला, तेही नाही, आमच्याकडून तसं काही गेलेलं नाही. निरंक हा शब्द त्यांचा नव्हता. तो आमचा होता.

मग वृत्तसंपादकांकडे गेलो. भिंतीवरचा कागद लिहिणारे जुने निवृत्त झाले होते, हे त्यांच्यानंतरचे. दुरुस्ती छापू या, असं मी म्हणालो. रविवारी लातूर जिल्ह्यात काही भागात गारा पडल्या, चौकटीतला मजकूर चुकीचा होता. ते अंकावरून नजर न काढता म्हणाले, "सरकारी आकडा आपण दुरुस्त करत नाही."

"सरकारी नाही, आपलाच आहे."

"मग सरकारी आण. त्यांच्याकडून आला की छापतो."

तहसीलला पेपरचं कात्रण हवं होतं आणि पेपरला तहसीलचा आकडा. मी त्यांना टेलिप्रिंटरच्या कागदाबद्दलही सांगितलं. तारेला टोचलेला गठ्ठा दर सोमवारी रद्दीत जात असे. तो गेला होता.

गुरुवारी पहाटेच्या बसनं चाचा आणि मी निघालो. नायगावच्या रस्त्यानं, पुढे दोनदा बस बदलून. चाचा वाटेत फार बोलले नाहीत. एकदा म्हणाले, की शेड बसवायच्या कामात असताना एका मार्चात वादळ आलं होतं, दोन शेडचे पत्रे उडाले, आणि ठेकेदारानं मजुरी कापली. त्याला वाटलं आम्ही खिळे कमी मारले. पुरावा काहीच नव्हता. पत्रे सापडले ते अर्ध्या कोसावर. मी विचारलं, तेव्हा पेपरात काय आलं होतं? ते म्हणाले, तवा मी पेपर वाचत नव्हतो, आता पोरीमुळं वाचतो.

मुलगी तालुक्याच्या स्थानकावर पेटी घेऊन उभी होती. चाचांनी निरोप पाठवून ती आणायला सांगितली होती. बारीक अंगाची, वेणी घट्ट घातलेली, डोळ्यांखाली काळं. मला काका म्हणाली आणि लगेच विचारलं की शुक्रवारी पाचच्या आत लातूरला पोचायचं तर इथून शेवटची बस किती वाजता निघाली पाहिजे. तिनं ते आधीच काढलेलं होतं. अडीच. ती माझ्याकडून खात्री करून घेत होती.

तहसीलचा कारकून पन्नाशीचा, अंगानं जाड, मनानं वाईट नव्हता. पर्जन्यमापकाबद्दल विचारलं तेव्हा त्यानं कपाट उघडून दाखवलं. वरचं नरसाळं एका कप्प्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. पाऊस मोजायचा काचेचा नळा टेबलावर होता. त्यात दोन पेनं आणि एक पट्टी उभी होती. नियम असा, की ऑक्टोबरात यंत्र काढायचं आणि जूनमध्ये बसवायचं, नाहीतर पोरं नरसाळ्यात खडे टाकतात. शिवाय या गावात त्या दिवशी थेंब पडला नव्हता, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं.

चाचांनी पेटी उचलून त्याच्या टेबलावर ठेवली. झाकणावर खड्डेच खड्डे. सुपारीएवढे, काही लिंबाएवढे. कारकुनानं त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही पेटीवाले. खड्डे काय, घरीपण पाडता येतात."

तिथं बसलेले दोघे हसले. चाचांनी टेबलावरचा लोखंडी पेपरवेट उचलला आणि झाकणाच्या कोऱ्या कोपऱ्यावर एकदा मारला. मुलगी दचकली. ती पेटी तिच्यासाठी केलेली होती.

"हात लावा," चाचा म्हणाले. "मारलेल्याला कड असते. हातोडी असो, दगड असो, कड लागतेच. ह्याला कड हाय का? बर्फ आदळतो आणि फुटतो. पत्रा वाटीवानी बसतो." मग त्यांनी झाकणाच्या मधोमध बोट ठेवलं. तिथं वीतभर चौकोनात एकही खड्डा नव्हता. "हितं कुणाची तरी वळकटी होती. घरी पाडले असते तर ही जागा कशाला सोडली असती?"

कारकुनानं पुन्हा बोट फिरवलं, आधी पेपरवेटच्या खुणेवरून, मग बाकीच्यांवरून. बराच वेळ. मग म्हणाला, "मला पटलं हो. पण पटल्याची नोंद कुठं करू?"

या वाक्याचा मला तेव्हा राग आला. आता तितका येत नाही. तो खरंच विचारत होता. त्याच्याकडे वही होती, तिच्यात रकाने होते, आणि रकान्यांना महिने होते. शेवटी त्यानं स्वतःच वाट काढली. पेपरात बातमी आली तर कात्रणावर तो तहसीलदारांची सही घेईल. मी म्हणालो, मी पेपरचाच माणूस, आत्ता पत्र लिहून देतो. त्यानं मान हलवली. "पत्र नका देऊ. पत्र कुणीबी देतं. छापलेलं आणा."

मुलीला तिच्या मैत्रिणीच्या घरी पाठवून आम्ही दोघे त्याच दुपारी एका जीपमधून गारांच्या पट्ट्यात गेलो. भूकंपानंतर बसवलेली पत्र्याची शेडं तिथं अजून होती. लोकांना पक्की घरं मिळाली होती, शेडांत आता कडबा, शेळ्या आणि जुनं लाकूड. प्रत्येक छपराला तेच वाटीसारखे खड्डे. चाचा एका छपरावर चढून हात फिरवून आले आणि म्हणाले की यातलं एक शेड बहुतेक त्यांच्याच हातचं आहे, रिबिटा ओळखू येतात. हरभरा जमिनीला चिकटलेला होता. शाळेच्या फळ्यावर सोमवारी कुणीतरी लिहिलेलं 'गारपिटीमुळे सुट्टी' अजून पुसलेलं नव्हतं. मास्तरांनी मला ते दाखवलं आणि विचारलं, की याचा फोटो छापणार का? माझ्याकडे कॅमेरा नव्हता.

तिघांची नावं घेतली. मास्तर, वीज मंडळाचा तारमार्ग कामगार, आणि एक आजीबाई, जिनं दोन गारा पितळी तांब्यात घालून नातवाला दाखवायला ठेवल्या होत्या आणि सकाळी त्यांचं पाणी झालेलं पाहून तिला फार वाईट वाटलं होतं. परत तालुक्याला येऊन एसटीडी बूथवरून बातमी सांगितली. अठरा ओळी. डेस्कवरच्या मुलानं प्रत्येक आडनाव दोनदा विचारून लिहून घेतलं. वृत्तसंपादक फोनवर आले. सरकारी आकडा नाही ना, म्हणाले. मी म्हणालो, नाही, पण तीन माणसं आहेत आणि अडवलेला रस्ता आहे. ते म्हणाले, ठीक, तिसऱ्या पानावर घेतो, लातूरच्या.

ती रात्र आम्ही मैत्रिणीच्याच घरी काढली. शुक्रवारी सकाळी साडेसातला अंकांची जीप आली तेव्हा स्थानकाबाहेरच्या विक्रेत्याकडे आम्ही चौघे उभे होतो. चाचा, त्यांची मुलगी, मी, आणि चहाला आलो असं सांगणारा तहसीलचा कारकून. गठ्ठ्याची सुतळी चाचांनीच सोडली. तिसरं पान मुलीनं उघडलं.

पूर्ण पान जाहिरात होती. तिच्याच क्लासची. प्रवेश परीक्षेची जलद तयारी, मर्यादित जागा, आणि खाली मागच्या वर्षी मेडिकलला लागलेल्या मुलांचे तिकिटाएवढे फोटो, रांगाच्या रांगा. मी आधी पाचवं पान पाहिलं, मग सातवं, मग परत तिसरं. बातमी कुठंच नव्हती. दुसऱ्या पानावर चौकट होती. लातूर जिल्हा, निरंक.

मुलगी जाहिरातीकडे बघत होती. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "ही आमच्या खोलीत राहायची, माझ्या आधी. हिची पेटीपण अब्बांनीच केली होती."

कारकुनानं चहा मागवला आणि आम्हाला घ्यायला लावला. मी बूथवर जाऊन फोन लावला. वृत्तसंपादक घरी होते. जाहिरात आयत्या वेळी आली, म्हणाले, पूर्ण पान होती, नाही कसं म्हणणार. बातमी उद्या नक्की. मी म्हणालो, उद्याचा उपयोग नाही. ते म्हणाले, "गारा रविवारच्या, बातमी शनिवारी आली काय आणि शुक्रवारी आली काय." त्यांना मुलीबद्दल माहीत होतं. मी सांगितलं होतं. ते निर्दयी नव्हते. त्यांच्या हिशेबात ती बातमीचा भाग नव्हती, आणि ओळखीच्या माणसाचं काम बातमीत घालायचं नाही हे आमच्याकडे मीच शिकलो होतो आणि मीच इतरांना शिकवत होतो.

तरी ती अडीचच्या बसनं लातूरला गेली. मी आणि चाचा सोबत. अर्ज, प्राचार्यांचं पत्र, आणि पेटी. परीक्षा मंडळाच्या खिडकीवर पेटी कुणी पाहिली नाही. जोडपत्र क्रमांक दोन, सक्षम अधिकाऱ्याचा दाखला, नाही. अर्ज अपूर्ण म्हणून परत. तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

शनिवारी बातमी आली. अठराच्या चौदा ओळी झाल्या होत्या. आजीबाई आणि तिचा तांब्या गेला होता, मास्तरांच्या नावात चूक होती. मंगळवारी टपालानं तहसीलचा दाखला आला. कारकुनानं शब्द पाळला होता. कात्रण मागे डकवलेलं, खाली सही, शिक्का, आणि सोमवारची तारीख. असा दाखला मी दुसरा पाहिला नाही. फेब्रुवारीत गारा पडल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. परीक्षा मंडळानं तो दफ्तरी दाखल करून घेतला.

तिनं बाकीचे पेपर दिले, चांगले गेले. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकापुढे अनुपस्थित राहिलं आणि मेडिकलचं ते वर्ष गेलं.

मी ऑपरेटरच्या संगणकावरून ती ओळ काढायला लावली. मार्चपासून रोज संध्याकाळी पाचला मी नियंत्रण कक्षाला आणि दोन-तीन तालुक्यांना फोन करू लागलो. पहिल्या आठवड्यात सगळे वैतागले. त्या तालुक्याचा कारकून मात्र फोन उचलून आधी खिडकीशी जायचा, ते मला खुर्चीच्या आवाजावरून कळायचं, आणि मग सांगायचा. वृत्तसंपादकांनी फोनच्या बिलाबद्दल दोनदा विचारलं. मी चूक माझी होती असं त्यांना लेखी दिलं होतं. ते त्यांनी परत केलं. अशा कागदाला फाइल नाही, म्हणाले.

चाचांशी माझं बोलणं कमी झालं नाही, वाढलंही नाही. त्यांनी पेटीचे खड्डे काढले नाहीत. गिऱ्हाइकं विचारायची, की ही सेकंड आहे का, स्वस्तात द्याल का. ते म्हणायचे, विकायची नाही. मी एकदा म्हणालो, झाकण तरी बदला, पोरीला तीच न्यायची आहे. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पुन्हा कुणी इचारलं तर दाखवायला लागंल."

पुढच्या फेब्रुवारीत ती त्याच कॉलेजला, त्याच प्रात्यक्षिकाला गेली. या वेळी चार दिवस आधी. तिनं बसचं वेळापत्रक पाहिलं नाही, मैत्रिणीच्या घरी जाऊन बसली. आदल्या संध्याकाळी मी त्या तालुक्याला फोन केला. खुर्ची सरकली, थोडा वेळ गेला. आभाळ साफ आहे, कारकून म्हणाला, चांदणी दिसून राहिली. मग त्यानं विचारलं, पोरगी आली का आमच्या गावात? मी म्हणालो, आली.

त्या रात्री मी कार्यालयातच झोपलो. सकाळी खाली उतरलो तर चाचा दुकान न उघडता पायरीवर बसले होते, अंक हातात, दुसरं पान वर. त्यांनी चौकटीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"ह्ये तुम्ही इचारून छापलंय?"

मी हो म्हणालो. घड्याळात आठ वाजत होते. त्यांनी अंक घडी करून गल्ल्याखाली ठेवला, पण दुकान साडेअकरापर्यंत उघडलं नाही.